तेरेखोल किल्ला, ऐंशी टक्के पूर्ण

१ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.१०

काल आमचे पाच दिवसांचे गणपती पोचवले. घर एकदम रिकामं वाटतंय. म्हणजे मोठं काम हातात घ्यायला हीच वेळ.

नोंद राहावी म्हणून पहिल्यापासून लिहितो. आमची गौरवी, वय तेवीस, डिचोलीला कॉम्प्युटर क्लासवर शिकवते. तिने तिथल्या सहा-सात जणांना धरून एक क्लब काढलाय. वॉरगेमिंगचा. म्हणजे टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडायचे, टेपने मोजून पुढे सरकायचं, फासे टाकायचे आणि लढाई करायची. सैनिक आहेत, फासे आहेत, टेप आहे. रणांगण नाही. डोंगर, नदी, घरं, किल्ला, ह्या सगळ्याला त्यांच्यात टेरेन म्हणतात. तयार टेरेन परदेशातून मागवावं लागतं.

पहिला मेळावा २८ तारखेला, रविवारी, डिचोलीच्या एका वाचनालयाच्या हॉलात. कुडाळ-सावंतवाडीकडचे खेळाडूही येणार. वाचनालयाचे सेक्रेटरी दत्ताराम सर म्हणालेत की एकदा करून दाखवा. नीट झालं तर दर महिन्याचा चौथा रविवार क्लबचा. गोंधळ झाला तर हॉल योगवर्गाला. गौरवी दोन वर्षं ह्या हॉलच्या मागे आहे.

तर काल जेवताना मी जाहीर केलं की तिन्ही टेबलांचं टेरेन मी करतो. सगळं. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून. गौरवी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. भावना आवरत असावी. मग म्हणाली, "बरां, पपा." सुविधा, म्हणजे आमची ही, कढीचं भांडं उचलून आत गेली.

संकल्प: रोज एक तास. आळस नाही. चालढकल नाही. आज वही आणली.

२ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

प्लॅन तयार. कंपनीच्या स्टोअरमध्ये बसूनच केला. तुये इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बावीस वर्षं पॅकिंग मटेरियल सांभाळतोय. पुठ्ठा कसा वाकतो, थर्माकोल कसा कापतात, हे मला कोणी शिकवू नये.

तीन टेबलं, प्रत्येक सहा फूट बाय चार. चोवीस डोंगर, पंधरा घरं, एक नदी जोडून जोडून अठरा फूट, आणि मधल्या टेबलावर तेरेखोलचा किल्ला. तत्त्व एकच: व्हर्सटाईल. प्रत्येक वस्तूचे किमान चार उपयोग. डोंगर उलटा केला की तळं, आडवा केला की दरड, उभा केला की बुरूज. यूट्यूबवरचे लोक एका डोंगराचा एकच डोंगर करतात. दूरदृष्टी नाही.

बाबलीला फोन केला. माझा शाळेतला दोस्त, लाटंबार्स्याला असतो, काजूची बाग आणि एक पिकअप आहे. २८ ला पहाटे सहाला गाडी घेऊन ये म्हटलं. किती सामान, त्याने विचारलं. दोन खेपा तरी होतील म्हणालो. त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. प्रभावित झाला असावा.

४ सप्टेंबर, गुरुवार

संकलनाचा दिवस. शेजारच्या कमलाक्षीवहिनींच्या मखराचा थर्माकोल त्या टाकून देणार होत्या, तो उचलला. अंड्यांचे ट्रे अकरा. टूथपेस्टची टोपणं. करवंट्या. नारळाची शेंडी, झाडांसाठी. कपाटावर एक मोठा दणकट खोका सापडला, तो लगेच कापून किल्ल्याच्या दोन तटभिंती केल्या. काम असं धडाक्यात व्हायला पाहिजे.

कमलाक्षीवहिनींनी विचारलं, "भावजी, ह्यां सगळां कित्याक?" मी सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, गौरवीचा ज्वालामुखी त्यांना अजून आठवतो.

मलाही आठवतो. गौरवी सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी मी तिला ज्वालामुखी करून दिला होता. धूर येणारा. उत्कृष्ट झाला होता. फक्त प्रदर्शनानंतर दोन दिवसांनी पूर्ण झाला. शाळेने तारीख ठरवताना घाई केली होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी

सुविधाचा मिक्सर बंद पडला. वॉरंटीत आहे. दुकानदार म्हणतो मूळ खोक्यातून आणा. ती खोका शोधतेय. मीही शोधू लागलो.

संध्याकाळी

तटभिंतीवर मिक्सरचं चित्र आहे हे तिच्या लक्षात आलं. मी म्हटलं, रंग दिल्यावर दिसणार नाही. ह्याने तिची समजूत पटेल अशी माझी कल्पना होती. ती बांद्याची. रागावली की माहेरचं बोलते. "माजो खोको जसो होतो तसो माका जोडून देवा," एवढंच म्हणाली, आणि जेवण होईपर्यंत दुसरं काही नाही. आता आठवडाभर पाट्यावर वाटण वाटणार आहे. पाट्याचा आवाज मुद्दाम मोठा काढते.

७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ५.३०

संपूर्ण दिवस कामाला द्यायचा ठरवला होता आणि दिलाही. केरीहून फेरीबोटीने स्कूटरसकट तेरेखोलला गेलो. किल्ल्याचा सर्व्हे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय किल्ला करणं म्हणजे फसवणूक. टेपने तट मोजायला घेतला तर वॉचमनने पंचायतीकडून आलात काय म्हणून विचारलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

मापं बारा पानं झाली. येताना फेरी चुकली. प्रत्यक्ष काम शून्य, पण पाया भक्कम.

क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आहे, टेरेन इन्चार्ज म्हणून. (नाव मीच बदलून घेतलं.) तिथे टाकलं: "वीस टक्के पूर्ण." नियोजन हे वीस टक्के असतंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

सुविधा बोलली! तुमच्या त्या खेळाचं टेबल केवढं असतं, असं तिने स्वतःहून विचारलं. सहा बाय चार, मी सांगितलं. तिने बोटांवर काही मोजलं आणि गेली. हळूहळू रस घेतेय. माणूस काम करताना दिसला की घरातले आपोआप ओढले जातात.

पहिला डोंगर कापला. सुरी गॅसवर तापवून. दुसरा कापताना सुरीची मूठ वितळली. पावाची सुरी होती. उद्या पोदेर पाव घेऊन आला की हा विषय निघेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गवताचा शोध! चहाचा चोथा वाळवायचा, हिरव्या रंगात घोळवायचा आणि फेविकॉलवर भुरभुरायचा. हुबेहूब माळरान. प्लॅनच्या दिवशीच सुचलं होतं; दहा दिवस मी घरातल्या तिघांचा, कमलाक्षीवहिनींचा आणि कंपनीच्या कॅन्टीनचा चोथा जमवतोय. पाच किलो तरी भरला असेल. आज ऊन दोनदा दहा-दहा मिनिटं पडलं. दोन्ही वेळा मी कंपनीत होतो. ओला चोथा मागच्या खोलीत पेपरांवर पसरलाय. वाळेल. हवा आहे.

ग्रुपवर: "चाळीस टक्के. गवत सुरू."

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११

गौरवीने विचारलं, एखादा डोंगर बघायला मिळेल का. चांगला नरम आवाज होता, पण मला दबाव कळतो. म्हटलं, अर्धवट काम कारागीर दाखवत नाही. ती म्हणाली, "बरां, पपा." हे "बरां" ती हल्ली फार पटकन म्हणते.

पलंगावरची हिरवी चादर नाही. सुविधाला विचारलं तर म्हणाली धुवायला काढली. ह्या पावसात? बायकांना हवामानाचा अंदाज नसतो.

आजचं उत्पादन: एक डोंगर. तो मात्र पूर्ण. चार थर, कडे, पायवाट, वर काथ्याचं झाड.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी

दत्ताराम सरांनी ग्रुपवर टेरेनचे फोटो मागितले. नोटीसबोर्डावर लावायचे म्हणे. तयार डोंगर एक. पाठवायचे किती हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी त्या डोंगराचे सहा बाजूंनी फोटो काढले. पाचव्यात झाड काढून ठेवलं, सहाव्यात तो उलटा ठेवला. सहा फोटो पाठवले. हे सहा डोंगर आहेत असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

सरांचा लगेच निरोप: "वा! सहा झाले!" ग्रुपवर टाळ्यांची चित्रं आली. गौरवीने टाळी दिली नाही, क्लासवर असेल. मी लिहिलं: "साठ टक्के."

मग फोन उपडा करून ड्रॉवरमध्ये ठेवला. बॅटरी वाचते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बुरशी. चोथ्यावर पांढरी लव आली आहे. मागची खोली उघडली की वासाने डोळे चुरचुरतात. फोटोतला सोडून ज्या तीन अर्धवट डोंगरांवर गवत लावलं होतं तेही गेले, लव आत थर्माकोलच्या फटींपर्यंत गेलीय. सगळा चोथा नेऊन केळीच्या बुंध्याला टाकला. केळ तरी खूश होईल.

दहा दिवस राहिले. घाबरायचं कारण नाही. डोंगरांची संख्या चोवीसवरून बारा केली. मोकळ्या मैदानात लढाई जास्त रंगते. नदी रद्द. सप्टेंबरात नदी कोणी बघत नाही.

चिकटवायला म्हणून फेविकॉलचा डबा उघडला तर संपलेला. बाजारात जायला उशीर झाला होता. आणि इथे मला आमची आजी आठवली. कागदी कंदील ती कशाने चिकटवायची? पेजेच्या खळीने! उकड्या तांदळाची घट्ट पेज, जरा आटवून. सकाळची उरलेली पेज होतीच. अंड्यांचे ट्रे, पेपरच्या पट्ट्या, सगळं खळीने थर्माकोलवर चिकटवलं. दगडासारखं बसलं. बावीस वर्षं स्टोअरमध्ये असून हे सुचलं नव्हतं. शुद्ध रिसायकलिंग. ज्याला डोकं आहे त्याला डबे लागत नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३

सकाळपासून बसून नऊ डोंगर झाले! खरेच नऊ. पाठ मोडली. खळीचे दोन टोप लागले. सुविधा म्हणाली, घरात माणसांना पेज उरली नाही. मी म्हटलं, त्याग.

कपाटातली पुस्तकं कुठे गेली कळत नाही. माझं बारावीचं फिजिक्स, जुने दिवाळी अंक, शब्दकोशाचे जाड खंड, सगळा खालचा खण रिकामा. गौरवी म्हणाली वाळवी लागेल म्हणून काढून ठेवलीत. चला, घर आवरलं जातंय. आपण शिस्त लावली की ती पसरते.

बाबलीला फोन: दोन खेपा नकोत, एक पुरे. त्याने फक्त "हूं" केलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ग्रुपवर: "ऐंशी टक्के. तेरेखोल किल्ला उभा राहतोय."

किल्ला: तट दोन. उरलेल्या दोन बाजूंना समुद्र आहे असं धरायचं. दरवाजा म्हणून टूथपेस्टचं टोपण लावलं तर सैनिक त्यातून आत जात नाही. सैनिक बाहेरच राहणं हे किल्ल्याचं यशच म्हणायचं.

घरं पंधरा होणार होती. अजून झालेली नाहीत.

दुपारी कंपनीत एकच खोका तीनदा मोजला. चहा जास्त झाला. चोथ्याच्या काळातली सवय.

२५ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७

आज जीव जायचा बाकी होता. साडेपाचला दारात स्कूटर थांबली आणि दत्ताराम सर! पेडण्याला कोणाकडे आले होते, म्हणाले वाटेत किल्ला बघून जाऊ. हसतमुख माणूस, पण नजर ऑडिटरची. मी मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. सांगितलं, रंग ओला आहे, हवा लागली तर तडे जातील. ते म्हणाले खिडकीतून बघतो. मी म्हटलं खिडकीतूनही हवा जाते. घाम कानामागून कॉलरीत उतरत होता.

तेवढ्यात गौरवी आली. सरांना अंगणात घेऊन गेली, मोबाईलवर काहीतरी दाखवत दहा मिनिटं बोलली. सर मोठ्याने हसले, मान डोलावली, जाताना माझ्याकडे बघून हात जोडले. मुलीने बापाची बाजू सांभाळली. तिला काय दाखवलंस विचारलं तर म्हणाली, "काय नाय पपा, आमचो प्लॅन."

आमचो, म्हणाली. म्हणजे माझा आणि तिचा. फार बरं वाटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.३०

खोलीत मुंग्या. तांबड्या. दाराच्या फटीतून एक रांग थेट तिसऱ्या डोंगरापर्यंत. हळदीची रेघ ओढली. मुंग्या हळद ओलांडत नाहीत.

संध्याकाळी ६

ओलांडतात.

नऊच्या नऊ डोंगरांत मुंग्या. पेपरच्या पट्ट्या पोखरून आतली खळ बाहेर काढताहेत, डोक्यावर पांढरे कण घेऊन रांगेने चालल्यात. माझ्याच डोंगराचे कण. एक डोंगर, तो पहिला, फेविकॉलचा, तेवढा शाबूत. त्यावर घमेलं पालथं घातलं.

गौरवी क्लासवरून आली, दाराबाहेरूनच विचारलं, "पपा, होयत मां?" मी आतून म्हटलं, होयत, होईल सगळं. ती थोडा वेळ दाराशी उभी होती. तिच्या चपला दिसत होत्या फटीतून. मला वाटलं दार उघडावं आणि सांगावं, हे बघ बाये, असं असं झालंय. हात कडीपर्यंत गेलाही. पण परवा सगळं छान झाल्यावर सांगण्यात जास्त मजा आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ७.४०

उपाय सापडला. आईच्या वेळी कपाटाच्या पायांना रॉकेलचा बोळा फिरवायचे, मुंगी महिनाभर फिरकत नसे. रॉकेल आता मिळत नाही. पण पेट्रोल म्हणजे रॉकेलचा थोरला भाऊ. स्कूटरमध्ये आहे. नळीने काढलं, सुविधाची इस्त्रीची पाणी मारायची बाटली भरली. सगळे डोंगर आणि किल्ला मागच्या पडवीत मांडले. वारा आहे. आग-बिग कुठे नाही. सुरक्षिततेत मी तडजोड करत नाही.

८.०५

मुंग्या गेल्या. एकही नाही! आजीचं डोकं, आईचा अनुभव, माझा प्रयोग.

८.०७

डोंगरही चाललेत.

सकाळी ९.३०

थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. हे मला माहीत होतं. बावीस वर्षं पॅकिंग मटेरियल सांभाळतोय, माहीत नसायला काय झालं. फक्त ते ८.०७ ला आठवलं.

शेजारी उभा राहून बघत होतो. आधी वर एक खळगा पडला, मग कडे आत बसले, मग झाड हळूच कलंडून खाली गेलं. एका मागोमाग एक. फुस्स असा आवाजसुद्धा नाही. नऊ डोंगरांची मिळून एक चिकट पांढरी चादर फरशीवर उरली, त्यात पेपरच्या पट्ट्या आणि थोड्या मुंग्या. पुठ्ठ्याचे दोन तट उरले, पण ते भिजून लोळले. मिक्सरचं चित्र मात्र स्वच्छ आहे.

घमेल्याखालचा डोंगर वाचला. पुरा नाही. घमेलं उचलताना बाटली हातातच होती. वर मधोमध गोल खड्डा पडला.

दुपारी १२

बाबलीला फोन: पिकअप नको. तो "बरां" म्हणाला. हल्ली सगळे बरां म्हणतात. सामान रिक्षात मावेल असं आधी वाटलं होतं. मग स्कूटरच्या पायाशी. आता पिशवी पुरेल.

संध्याकाळी ५

दिवसभरात तीनदा गौरवीला फोन करायला घेतला. ती हॉल लावायला गेलीय. तीन रिकामी टेबलं, कुडाळहून आलेले लोक, दत्ताराम सर, आणि मध्ये माझी मुलगी. सातवीतली गौरवी आठवते. प्रदर्शनाच्या दिवशी रिकाम्या पाटावर नुसता कागद लावून बसली होती: "ज्वालामुखी". बाकी मुलांचे पालक बघून जात होते. ती रडली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

ग्रुपवर कोणीतरी विचारलंय, टेरेन रेडी? मी टाईप केलं, "माफ करा." पुसलं. टाईप केलं, "काही तांत्रिक अडचण." पुसलं. शेवटी लिहिलं, "ऐंशी टक्के."

सकाळी सांगेन. सकाळी माणूस स्पष्ट बोलतो.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६.२०

उठलो तर घरात कोणी नाही. ओट्यावर सुविधाची चिठ्ठी: चहाचे दोन थर्मास भरून ठेवलेत, घेऊन या.

कमलाक्षीवहिनी फुलं काढत होत्या. त्या म्हणाल्या, साडेपाचला बाबलीचा पिकअप येऊन दोघींना घेऊन गेला, मागे सामान होतं बरंच. मी म्हटलं, पिकअप तर मी नको सांगितला होता. त्या परडी घेऊन घरात गेल्या.

कसलं सामान?

संध्याकाळी ५.१५, वाचनालयाच्या पायरीवर

लिहितोच. ह्या वहीत खोटं लिहून कोणाला फसवणार.

अस्नोड्याच्या पुढे स्कूटर बंद पडली. पेट्रोल नव्हतं. पेट्रोल डोंगरांत गेलं होतं. एका खांद्याला थर्मास, दुसऱ्या खांद्याला पिशवीत डोंगर, असा पंपापर्यंत ढकलत गेलो. पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पायऱ्या चढताना बोलायचं वाक्य ठरवत होतो. आतून कोणी ओरडत असेल, कोणी भांडत असेल अशी तयारी होती. फाशांचा आवाज येत होता.

तिन्ही टेबलं मांडलेली होती. हिरव्या चादरी, आमच्या पलंगाची मधल्या टेबलावर. चादरींखाली पुस्तकं रचून डोंगर केले होते, लहान, मोठे, उतरते. माझं फिजिक्स एका पठाराखाली होतं, कोपरा दिसत होता. नदी म्हणजे सुविधाची निळी ओढणी. घरं म्हणजे चहापुडीचे आणि औषधांचे खोके, वर तांबड्या मातीचं पाणी दिलेलं, अगदी आमच्याकडच्या चिऱ्यांच्या घरांसारखं. एका मुलीला टेकडी डावीकडे पाहिजे होती, तिने चादर उचलून दिवाळी अंक सरकवले आणि टेकडी डावीकडे गेली. एवढंच. चार उपयोग, दहा उपयोग, कितीही.

कोणी मला काही विचारलं नाही. सुविधाने थर्मास घेतले आणि मला खिडकीखालच्या लहान टेबलाशी बसवलं. चहा माझ्याकडे होता. माझी पिशवी मी त्याच टेबलावर ठेवली.

दुपारी दत्ताराम सरांनी सांगितलं, चौथा रविवार क्लबचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गौरवी एवढी मोकळी हसताना मी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती.

मग ती चहाला आली. मी तिला विचारलं, तुम्ही हे कधी ठरवलं? मुंग्या आल्या तेव्हा? बुरशी आली तेव्हा? मनात म्हणत होतो, निदान बुरशीनंतर म्हण. ती कपात बघत म्हणाली, "पपा, तुमी जेवताना 'सगळां मी करतंय' म्हणलात ना, तेन्नाच."

म्हणजे मी वही आणायच्या आधी. पहिल्याच दिवशी.

फार वाईट वाटलं. मग मला सांगितलं का नाहीस, असं थोडं चढ्या आवाजात विचारलं. तिने माझ्या शर्टाच्या बाहीवरचा हिरवा रंग नखाने खरवडला आणि म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतंत, आणि महिनाभर तुम्ही किती खुशीत होता. आई म्हणाली, करूंदेत. मिक्सरच्या खोक्यानंतरसुद्धा म्हणाली. मग तिला कोणीतरी हाक मारली, तिची चाल होती. गेली.

मी डोंगर पिशवीतून बाहेर काढला. का, सांगता येत नाही. कोणी बघेल असं वाटलं असेल. कडे चांगले झाले होते, पायवाटही. कुडाळचा प्रवीण नावाचा खेळाडू चहा घ्यायला आला, एका हातात टेप, एका हातात फासे. ग्लास कुठे ठेवू म्हणून त्याने इकडे तिकडे बघितलं आणि डोंगरावरच्या खड्ड्यात ठेवला. बरोबर बसला. टेबलाला धक्का लागला तरी हलला नाही. "ह्यां झक्कास केलाय कोणी," म्हणाला.

मी केलंय, मी सांगितलं.

दिवसभर सगळे तिथेच ग्लास ठेवत होते. आता सामान पिकअपमध्ये चढतंय. डोंगर न्यायचा का, सुविधाने विचारलं. मी म्हटलं राहूदे इथे, पुढच्या महिन्यात चहा असेलच.